तीन दगड आणि मूठभर राख

जंगलात नोकरी आहे म्हटलं की लोक वाघाचं विचारतात. चंद्रपूरला बहिणीकडे कुठल्याही कार्यक्रमाला गेले की पंगतीत पहिला प्रश्न तोच. वाघ मी पाहिलेत, पण ते माझ्या कामात फारसे लुडबुडत नाहीत. माझं काम पाल्याचं आहे. फेब्रुवारी लागला की साग, ऐन, तेंदू, मोह सगळे पानं टाकायला लागतात आणि पाऊस पडेपर्यंत मी ती लोटत बसते. वीस वर्षं झाली मला वनरक्षक होऊन. गावात आम्हाला नाकेदार म्हणतात. या वीस वर्षांत मी जेवढा कचरा लोटलाय, तेवढा एखाद्या नगरपालिकेनं लोटला नसेल. आता गुडघे कुरकुरतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

माझं जंगल संरक्षित आहे. म्हणजे मालकी सरकारची, वापर गावाचा, पण मापात. वाळलेलं लाकूड डोक्यावरून न्यायचं, ओल्याला कुऱ्हाड लावायची नाही. बांबू तोडायचा तो ठरलेल्या वर्षी, ठरलेल्या भागात, आणि बेटातले नवे कोंब सोडून. मोहाची फुलं न्या, तेंदूची पानं न्या, डिंक न्या, मध न्या, झाड मात्र उभं राहिलं पाहिजे. आमच्या खात्याच्या कार्य आयोजनेच्या, म्हणजे कुठे काय तोडायचं हे ठरवणाऱ्या जाड पुस्तकात हे सगळं फार छान वाचतं. प्रत्यक्षात गाव आणि पुस्तक यांच्या मधोमध खाकी कपड्यातली एक बाई उभी असते. गाव तिला म्हणतं तू सरकारची, आणि साहेब म्हणतात तुम्ही गावाला फार लाडावून ठेवलंय.

माझे वडील बल्लारपूरला कागद कारखान्याच्या बांबू यार्डात होते. लहानपणी जंगल म्हणजे मला ट्रकमधून येणारी गोष्ट वाटायची. ते उभं कसं असतं आणि कोणाकोणाचं असतं, हे नोकरीत शिकले. तेही अर्धवट शिकले, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ज्या गावाची ही गोष्ट आहे ते गडचिरोलीकडचं, तीस-चाळीस घरांचं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तसा शब्द दिला आहे. तिथे माझं क्वार्टर होतं, आणि क्वार्टरला लागून एका म्हाताऱ्या बाईंचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी चंद्रपूरला दिलेली. घरात त्या, एक बकरी आणि पाच-सात कोंबड्या. गावातले त्यांना बाई म्हणत, मीही बाईच म्हणायला लागले. त्या मला मॅडम म्हणत, पण कामाला लावताना हयगय करत नसत. माझ्या दुचाकीवर मागे बसून बाजाराला जाणं हा त्यांनी आपला हक्क ठरवून टाकला होता.

नाल्याच्या वळणावर एक मोठा मोह होता. तो बाईंचा. सरकारी जंगलातलं झाड कोणा एकाचं कसं, हा प्रश्न मलाही पहिल्या वर्षी पडला होता. पण मोहाची झाडं गावात घराघराला वाटून घेतलेली असतात आणि कोणी दुसऱ्याच्या झाडाखाली वाकत नाही, एवढं मला दिसत होतं. ही वाटणी कशी होते ते मी विचारलं नाही. कोणी सांगितलंही नाही. बाईंचा पावसाळा त्या झाडावर निघायचा. वाळवलेली फुलं शिजवून, भाजून, पिठात मिसळून खायची, आणि पुढे त्याच झाडाच्या बियांचं तेल चिमणीभर, भाजीभर पुरवायचं.

मोहाचं आणि आमचं वैर आहे ते आगीवरून. फुलं पहाटे गळतात, पिवळट पांढरी, आणि खालच्या पाल्यात दिसत नाहीत. म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात. जमीन काळी, साफ होते, फूल लांबूनही दिसतं. आग तेवढ्यावरच थांबली तर कोणाची काय हरकत असणार. पण वारा सुटतो, दुपारी डोंगर पेटतो, आणि उपग्रहावरून माझ्या मोबाइलवर मेसेज येतो की तुमच्या बीटमध्ये, म्हणजे हद्दीत, आग आहे. धुराचा वास मला अर्ध्या तासापूर्वीच आलेला असतो. मग हिरव्या फांद्यांनी झोडपत बसायचं. ओरडून ओरडून माझा घसा कायमचा बसला तो याच गावात.

बाई मात्र पेटवत नसत. त्या लोटत. खराटा घेऊन रोज थोडं थोडं, पंधरा दिवस. मी साहेब लोकांना मुद्दाम तिथे न्यायचे, की बघा, आग न लावताही मोह वेचता येतो. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि साहेब गेल्यावर म्हणायच्या, "इतके लोकं आणता, एक तरी खराटा आणत जा."

त्या वर्षी खराट्याऐवजी मशीन आलं. पाठीवर बांधायचं, पाला उडवायचं. वरून सक्त सांगणं होतं की यंदा आग दिसता कामा नये. त्याच महिन्यात नाल्यावर दगडी बंधारा पूर्ण करून फोटो पाठवायचा होता. दोन कामं, आणि मजूर फक्त तिघं, तेही बाहेरचे, जिवतीकडून आलेले.

तेवढ्यात बाईंच्या डोळ्याचं निघालं. मोतीबिंदू पिकला होता, मुलीनं चंद्रपूरला ऑपरेशनची तारीख घेतली होती. शिवरात्र नुकतीच झाली होती. मी त्यांना दुचाकीवरून बसस्टँडवर सोडलं. बसमध्ये चढताना त्या म्हणाल्या, "झाडाकडं लक्ष ठेवजा मॅडम."

मी म्हटलं, "तुम्ही निवांत जा. पाला मी लोटून ठेवते."

दिलेला शब्द पाळायचा म्हणून मशीन घेऊन मी सगळ्यांत आधी बाईंच्याच झाडाखाली गेले. तिथे बुंध्याशी तीन दगड मांडलेले होते आणि मधे राख होती. पाहून माझं डोकं फिरलं. असे दगड मी दर वर्षी बऱ्याच मोहांखाली बघत आले होते. तीन दगड आणि राख म्हणजे चूल, यात विचार करण्यासारखं काय आहे? वेचायला येणारे चहा उकळत असणार, भाकरी भाजत असणार. इथे आल्यापासून चार वर्षं मी गावाला दटावत होते की झाडाखाली चुली मांडू नका. गाव खाली मान घालून ऐकायचं. दोन-चार जण हसायचे. मला वाटायचं, कोडगे आहेत.

तर मी ती चूल उधळली. राख मशीननं उडवली, दगड मजुरांना उचलायला लावले. पुढच्या झाडांखाली आणखी पाच-सहा ठिकाणी तेच. दगड चांगले होते, हातात मावणारे, आणि बंधारा तिथून हाकेच्या अंतरावर. एका कामात दुसरं काम झालं म्हणून मी त्या दिवशी स्वतःवर खूश होते. असे दिवस माझ्या नोकरीत फार आले नाहीत. बंधाऱ्याचा फोटो पाठवला, साहेबांनी ग्रुपवर अंगठा दाखवला.

बाई ठरल्यापेक्षा उशिरा परतल्या. डॉक्टरांनी धूळ-धूर टाळायला सांगितलं म्हणून मुलीनं सोडलं नव्हतं. इकडे गावची मोहाची पूजा होऊन गेली, फूल गळायला लागलं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई काळा चष्मा लावून, टोपली घेऊन झाडाकडे गेल्या आणि रिकामी टोपली घेऊन परत आल्या. वळणाच्या मोहाखाली दुसऱ्या घराचे दगड होते. त्या वर्षीच घरातून वेगळं निघालेलं एक जोडपं, बायकोच्या कडेवर लहान मूल. वेगळे निघाले तेव्हा त्यांच्या वाट्याला एकही मोह आला नव्हता.

गाव बसलं समाजमंदिराच्या ओट्यावर. जंगलाचा विषय म्हणून मलाही बोलावलं, आणि बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली. बाकी सगळे खाली. तिथे मला पहिल्यांदा कळलं की ते दगड म्हणजे काय. गावचा गायता, म्हणजे पूजा करणारा आणि भांडणं मिटवणारा वडीलधारा माणूस, माझ्याकडे एकदा बघून, जरा नाइलाजानंच बोलला. शिवरात्रीनंतर ज्यानं त्यानं आपल्या झाडाखाली तीन दगड ठेवायचे आणि घरच्या चुलीतली मूठभर राख मधे टाकायची. म्हणजे त्या घराची चूल तिथपर्यंत पोचली. तिथे जाळ कधीच करायचा नाही. पूजेच्या दिवशी ज्या झाडाखाली चूल नसेल त्या झाडाचं घर संपलं असं धरायचं, आणि दुसरं कोणी तिथे आपली चूल मांडली तर झाड कायमचं त्याचं. हे सरकारी माणसाला कधी सांगितलं नव्हतं, कारण सरकारला कळलं की ते कागदावर जातं, आणि कागदावर गेलेलं परत मिळत नाही.

बाईंची राख मी उडवली होती. मी खुर्चीच्या हाताला धरून बसले.

गायत्यानं बाईंना विचारलं, "बाई, तुनं दगड ठेवले होते का?"

"ठेवले होते ना. जायच्या आदल्या दिवशी. राख पदरात बांधून नेली होती."

"कोनं पाह्यलं?"

"कोन पाहीन? मी एकटीच होती."

जोडप्यातला नवरा उठून उभा राहिला. पोरगा भला होता, त्याला या सगळ्याची लाज वाटत होती. "आमी पूजेच्या दिवसापावतर वाट पाह्यली, भाऊ. जमीन साफ होती. दगड नाई, राख नाई, काईच नोतं. मंग ठेवले आमी."

मागून एक जण हळूच म्हणाली, "डोळ्यानं दिसत नोतं तिले. दुसऱ्याच झाडाखाली ठेवले असन." आणखी कोणी म्हणालं, वय झालं, होतं असं. कोणी वाईट बोलत नव्हतं. सगळे बाईंना समजूनच घेत होते, आणि तेच मला बघवत नव्हतं.

कोणीतरी म्हणालं, आमचेही दगड यंदा जागेवर नव्हते, डुकरांनी उकरून लोटले असतील, आम्ही परत ठेवले. बाईंचेही डुकरांनीच नेले असतील का, असं गायत्यालाही वाटलं असावं. तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमी त रोज फिरता तिकडं. बाईचे दगड दिसले का तुमाले?"

मी म्हटलं, "नाही. मला काही दिसलं नाही."

त्या वाक्याला मी नंतर पुष्कळ कारणं शोधली. खरं सांगितलं असतं तर सगळ्या गावाची चूल मीच उधळली हे कबूल करावं लागलं असतं. ते दगड बंधाऱ्यात होते, बंधाऱ्याचा फोटो साहेबांकडे होता. चार वर्षं मी त्यांना ज्या दगडांवरून दटावलं त्याचं काय करायचं होतं? शिवाय मी थकले होते. त्या आठवड्यात तीन आगी विझवल्या होत्या. सरळ जाऊन अंथरुणावर पडावं एवढीच इच्छा होती. उद्या बाईंना एकटीला सांगू, असंही मनात आलं. तो उद्या मी सहा महिने उगवू दिला नाही.

बाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "असन बापा. मीच विसरली असन." आणि उठल्या.

मला वाटलं होतं त्या चिडतील, चार दिवस बोलणार नाहीत, मग निवळतील. तसं झालं नाही. त्या दिवसापासून त्यांचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. सकाळी कुंपणापाशी येऊन विचारायच्या, "मॅडम, मी बकरीले पानी पाजलं का?" मला कसं माहीत असणार. बाजाराला निघालो की घराला कुलूप लावायच्या, गाडीवर बसायच्या, कोपऱ्यावर पोचलो की खांद्याला हात लावून म्हणायच्या, "कुलूप लावलं का मी?" मग गाडी वळवायची, मी उतरायचं, कुलूप ओढून दाखवायचं. दर वेळी लावलेलंच असायचं. भाजीत मीठ घातलं की नाही म्हणून त्या दोनदा घालू लागल्या, मग घालेनाशाच झाल्या. मुलीला फोन करून म्हणाल्या की माझं डोकं गेलं. मुलगी मला विचारायची, खरंच का हो मॅडम? मी म्हणायचे, वयोमानानुसार होतं. असं म्हणताना मला माझ्याच आवाजाचा राग यायचा.

जंगलात जाणं त्यांनी सोडलं. मीच कधी शिधा आणून द्यायचे, बाजारातून बांबूचे वास्ते, म्हणजे भाजीचे कोवळे कोंब, आणून द्यायचे. त्या म्हणायच्या, किती करता माझ्यासाठी. मी घाईनं घरात निघून यायचे.

त्या पावसाळ्यात बंधारा काठोकाठ भरला. माझ्या हातून झालेल्या कामांपैकी ते खरंच चांगलं काम होतं. पोळ्याच्या आसपास दोन दिवस उघडीप पडली, आणि बाईंची बकरी चरत चरत त्या बाजूला गेली. तिच्या मागे बाई गेल्या आणि त्यांच्या मागे मी, कारण हल्ली त्यांना एकटं सोडायला मन घेत नसे. बकरी बंधाऱ्यावर चढली. बाई तिला हाकलायला पुढे झाल्या आणि मधेच थांबल्या. मग खाली बसल्या. वरच्या थरातल्या एका दगडावर त्यांनी हात फिरवला.

तो साधा दगड नव्हता. तुटलेला वरवंटा होता, अर्धा, एका बाजूनं घासून गुळगुळीत झालेला. मी तो उचलायला लावला होता, म्हणजे नीट पाहिलाही नव्हता.

"हा माह्या घरचा हाय," बाई म्हणाल्या. "माह्याच हातून फुटला होता. टाकू कुठी म्हणून झाडाखाली ठेवत होती दर वर्षी."

ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो डोळा आता फार चांगला झाला होता.

"मी विसरली नोती," त्या म्हणाल्या.

"नाही बाई. मीच उचलले. मला चूल वाटली."

"त्या दिवशी मालूम होतं तुमाले? ओट्यावर?"

"हो."

"मंग काऊन नाई बोलल्या?"

थकले होते, हे खरं असलं तरी सांगण्यासारखं नव्हतं. पाणी बंधाऱ्याच्या मधल्या भागावरून सांडत होतं, बकरी मधेच ओरडत होती. बाई तो वरवंटा उपसून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "सहा महिने मी सोताले येडी समजून राह्यली, मॅडम."

एवढंच बोलल्या. माझ्यावर आजवर साहेब लोकांनी पुष्कळ तोंडसुख घेतलंय, चौकशा झाल्यात, बदल्या झाल्यात. त्यातलं काही एवढं लागलं नाही. मी रडले, ते त्यांनी बघितलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं. उठताना म्हणाल्या, "गावात सांगा. झाडासाठी नाई म्हणत मी."

पोळा झाल्यावर गाव बसलं तेव्हा मी स्वतःहून गेले. खुर्ची दिली ती बाजूला सारली आणि खाली बसले. काय केलं ते सांगितलं, आणि विचारल्यावर खोटं बोलले हेही सांगितलं. वरवंटा बाईंनी मधे ठेवला होता. कोणी ओरडलं नाही. गायत्यानं तो हातात घेऊन उलटापालटा केला.

"सगळ्याइचेच दगड तुमी उचलले?"

"दिसले तेवढे सगळे."

"आमी फुकट डुकराइले शिव्या देल्ल्या," तो म्हणाला. दोघं-तिघं हसले, तसे बाकीचेही थोडे सैल झाले. मला हसू आलं नाही.

जोडप्यातला नवरा म्हणाला की झाड परत घ्या. बाई म्हणाल्या, "नोको. तुमची राख पडली तिथी. लेकरू हाय तुमाले." त्याच्या बायकोनं, येणाऱ्या हंगामात पहिली टोपली बाईंच्या घरी पोचती करीन, असं सांगितलं. रीत बदलायची नव्हती, ती कोणी बदलली नाही. चूक माझी होती एवढ्यानं झाड परत फिरलं नाही, आणि बाईंचा मोह गेला तो गेलाच. मला गायत्यानं एकच सांगितलं, की आता तुम्हाला कळलंच आहे, तर हे तुमच्या कागदात घालू नका, आणि कुठे सांगितलंत तरी गावाचं नाव घेऊ नका. मी घातलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत पाठीवर मशीन बांधून त्याच झाडांखाली फिरले, आणि प्रत्येक तीन दगडांभोवती वाकून हातानं पाला काढला, राख उडू नये म्हणून. गुडघ्यांचं मग जे व्हायचं ते झालं.

पण ते नंतरचं. गाव बसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंना डोळा दाखवायला चंद्रपूरला जायचं होतं, आणि बसस्टँडवर सोडायला अर्थातच मी. त्यांनी कोंबड्या डालल्या, बकरी शेजारी बांधली, दाराला कुलूप लावलं, किल्ली पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि गाडीवर बसल्या. मी सहा महिन्यांच्या सवयीनं गाडीचा स्टँड लावला आणि कुलूप ओढून बघायला दाराकडे वळले.

"राहू द्या मॅडम," बाई मागून म्हणाल्या. "लावलं हाय. मले याद हाय."